खळ्यात कुटलेले पत्रे

मोखाड्यातली ती फिर्याद आठवली की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. पाडायला काढलेल्या एका जुन्या वसतिगृहाचे सिमेंटचे पत्रे चोरीला गेले, अशी ठेकेदाराची तक्रार होती. संशय त्याने जवळच्या पाड्यावर घेतला. गरिबाकडे बोट दाखवायला अक्कल लागत नाही.

आठवडे बाजारात एका जीपवाल्याने आमच्या हवालदाराला गाठलं. "चोरी कसली, साहेब? ठेकेदारानंच माझ्या गाडीतून पत्रे पाड्यावर टाकायला लावले."

आम्ही पाड्यावर गेलो. एक बाई खळ्यात पत्र्याचे तुकडे दगडावर कुटत होती. दोन वर्षांची लेक तिच्या मांडीला टेकून बसली होती. नागली, म्हणजे नाचणी, झोडायच्या आधी खळं सारवतात, त्या शेणामातीत ही पूड कालवायची होती.

"आमी नाय चोरला," ती म्हणाली. "ठेकेदार बोलला, फुकट न्या, सिमेंटच हाय. खळा दगडासारका व्हतो."

मी तरी कुठे शहाणा होतो? पंचनाम्यासाठी तुकडे झटकून मोजले आणि शिपायाला खळं झाडायला लावलं.

ठेकेदार ठाण्यात तासभर कानावर हात ठेवून होता. पत्रे न फोडता, भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठरलेल्या जागी पोचवायचे, असं त्याच्या कामाच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं. तो खर्च वाचवायला त्याने ते पाड्यावर खपवले, आणि कामावरच्या सरकारी इंजिनिअरने हिशेब विचारला, तेव्हा त्याला चोरी सुचली. मी सहज विचारलं, "फुकटचे पत्रे, स्वतःच्या घरावर का नाही टाकलेस?"

"घरात लहान पोरं आहेत, साहेब. पत्र्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत बसते."

माझा हात उठला होता, हवालदाराने तो धरला.

खोटी फिर्याद आणि निष्काळजीपणा, दोन्हींचा गुन्हा नोंदवला. त्याला लगेच जामीन मिळाला. डॉक्टरांना विचारून आम्ही खळं भिजवलं, वर मातीचा जाड थर दिला आणि नागली दुसऱ्याच्या खळ्यात झोडायला लावली. बाईने विचारलं, "पोरीला काय होल?" डॉक्टर म्हणाले, कळायला कित्येक वर्षं जातील.

आयुष्यभर मी जखम बघून गुन्हा मोजला. ते चुकीचं होतं. तुमच्या जुन्या छपरावर असे पत्रे असतील तर फोडू नका, कापू नका, जाणकाराला बोलवा.

ती बाई जव्हारच्या बाजारात कधी भेटली की मी आधी मुलीच्या खोकल्याचं विचारतो. ती हसून म्हणते, "काय नाय, साहेब." माझा मात्र अजून विश्वास बसत नाही.