कमिटी येते तेव्हा जुनी पुस्तकं जिनिंगमध्ये जातात

दिग्रसच्या ज्या कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते, तिथे तपासणीची कमिटी येणार म्हटलं की ग्रंथालयातली जुनी पुस्तकं पोत्यांत भरतात. संस्थेच्या अध्यक्षांचं कापसाचं जिनिंग आहे. तिथल्या गोदामात सरकीशेजारी ती पडून राहतात आणि कमिटी जेवूनखाऊन गेली की परत येतात. तेवढे दिवस कपाटात चकचकीत गाईडं.

यंदा मी प्राचार्यांशी भांडले. सिस्टिमच्या पोटात काय चालतं ते सांगणारं एक जाडजूड जुनं पुस्तक तरी राहू द्या, म्हटलं. शेवटच्या वर्षातल्या एका मुलीची पुण्याच्या कंपनीत मुलाखत होती आणि तिला ते वाचायचं होतं. फुलसावंगीची पोर. घरच्यांनी बजावलं होतं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात लग्न.

"मॅडम, ते पुस्तक तुमच्याहून म्हातारं हाय," प्राचार्य हसले. "कमिटी साल पाह्यते, आतलं नाही."

साल जुनं होतं, खरंय. त्यातलं फिरत्या डिस्कचं प्रकरण मी स्वतःच गाळते, आमच्या लॅबमध्ये तसल्या डिस्का राहिल्याच नाहीत. पण दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या हातातल्या वस्तूसाठी अडून बसतात, जिनिंगच्या फाटकात भरलेली नि रिकामी गाडी तोंडाला तोंड लावून उभी राहावी तसे, ते का आणि कसं, हे एकाही गाईडात धड नाही. गाईडात मुद्दे असतात. मुद्दे पाठ करायला डोकं लागत नाही, म्हणूनच ती खपतात.

गोदामाला कुलूप, किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष कमिटीच्या दिमतीला. मी तोंडी समजावलं असतं, तर माझी ड्युटी स्वागताच्या गुच्छांवर. पोरगी गाईड वाचून गेली.

"दोघं अडकले तर कोणाचं काय हिसकावून घ्याल, आणि त्यानं काय बिघडेल?" असं तिला मुलाखतीत विचारलं. तिने चार मुद्दे धडाधड म्हणून दाखवले. पाठांतर छान आहे, असं म्हणून समोरच्याने तिला वाटेला लावलं.

ती परत आली त्याच दिवशी पोतीही आली. प्राचार्य पेढे वाटत होते.

"घे बाई, कॉलेजले वरचा दर्जा भेटला. रिकामीच हायेस ना आता? हे पुस्तकं लाव कपाटात."

तिने पोतं सोडलं. ते पुस्तक वरच होतं. उभ्या उभ्या तिने ते प्रकरण वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे गेली. मला प्राचार्यांच्या थोबाडात पेढ्यांचा डबा मारावासा वाटला.

"मॅडम, तो जे इचारत होता ते सारं इथं हाय," ती म्हणाली.

"मंग वाच न आता," प्राचार्य म्हणाले. "लग्नाले अजून टाइम हाय."

तिने पुस्तक मिटलं. "सर, हे कपाटात लावू, का पुढच्या कमिटीपर्यंत पोत्यातच राहू देऊ?"

प्राचार्यांनी खरोखर विचार केला.

"पोत्यातच राहू दे," ते म्हणाले. "पुन्हा भरायचा तरास नको."