लपवलेला ताप

किन्हीराजा गावच्या भागिरथाबाईला कोणी खोटारडी म्हटलं, तर त्याची जीभ झडो. उभ्या आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली, तेही नवऱ्याच्या धाकानं.

नवरा शेषराव. छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली आणि घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडून आला. माणूस सोन्यासारखा, पण शब्दाचा पक्का. मरीआईचं नाव निघालं तरी ताटावरून उठायचा. भागिरथाही वंदना मनापासून म्हणायची. मरीआईची भीती तेवढी मनातून गेली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली लेक बेबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पांढरीफटक झालेली, चोरून चुलीची माती खायची. शेषराव कारंज्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेला असताना पोरीला ताप भरला, अंगभर पुरळ उठलं. गोवरच तो, पण भागिरथाचा धीर सुटला. तिनं उशाशी लिंबाचा पाला ठेवला आणि पहाटे गावाबाहेरच्या मरीआईवर तांब्याभर पाणी ओतून आली. पुरळ मावळलं, संध्याकाळची कणकण मात्र राहिली. शेषराव परतायच्या आत तिनं पाला उकिरड्यावर टाकला आणि कोणाला काही सांगू नको म्हणून पोरीला बजावलं.

त्याच आठवड्यात गरोदर बायांचं रक्त तपासायला शहरातून डॉक्टरीणबाई आली. शेषरावानंच खटपट करून तिला वस्तीत आणलं होतं. तो शेजारीच उभा, आणि बाईनं विचारलं, "हिला इतक्यात ताप-बिप येऊन गेला का?"

बेबीनं आईकडे पाहिलं.

"नाही बाई," भागिरथा म्हणाली. "काहीच नाही."

निकाल आला, बेबीच्या अंगात लोहाचा साठा चांगला आहे. ज्यांचा कमी निघाला त्यांना गोळ्या मिळाल्या, बेबीला नाही. शेषराव खुशीत होता. "पाह्य," तो म्हणाला, "माही पोरगी कशी रगतानं भरली हाये."

बाळंतपणात बेबीचं रक्त थांबेना. मालेगावच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच ती गेली. मागे तान्ही नात उरली, आणि भागिरथाला रडायलाही उसंत मिळाली नाही.

डॉक्टरीणबाई पुन्हा वस्तीत आली, तेव्हा भागिरथा नातीला मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसली. "बाई, तिचं रगत तं चांगलं होतं ना? मंग काहून गेली?"

बाईनं वहीतली बेबीची नोंद काढून पाहिली. मग म्हणाली, "तेव्हा ताप होता का तिला? खरं सांगा."

शेषराव दारातच उभा होता. भागिरथानं त्याच्याकडे न पाहता सगळं सांगितलं. ताप, पाला, तांब्याभर पाणी.

"ताप असला की शरीर लोह कणगीत कोंडून ठेवतं," बाई हळू आवाजात म्हणाली. "तपासणीत कणगी भरलेली दिसते, पण अंगाला दाणा मिळत नाही. मग रक्त कमी पडतं, आणि बाळंतपणात वाहून गेलेलं झेपत नाही. तापातल्या माणसाचा आकडा कमी धरून वाचावा लागतो. मला ठाऊक असतं तर मी तसाच वाचला असता, गोळ्या दिल्या असत्या. बेबी जगली असती का, ते मात्र मी सांगू शकत नाही."

बाई निघून गेली. भागिरथा मान खाली घालून नवऱ्याच्या ओरडण्याची वाट पाहत राहिली. शेषराव ओरडला नाही. खाली बसला, नातीला मांडीवर घेतलं.

"माह्यापासून काहून लपवलं?"

"तुमी रागे भरले असते."

"भरलोच असतो," शेषराव म्हणाला. "चार दिवस बोललो नसतो तुह्यासंग. मंग बोललो असतो."