साळवेकाकांचे प्रश्न

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या फजितीचे किस्से तुम्ही पुष्कळ ऐकलेत — मुलाखतीला दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गेलो तो, माइक बंद आहे असं समजून मीटिंगमध्येच साहेबांची नक्कल केली तो. मीच तिखटमीठ लावून सांगतो. का? माणूस हसवत राहिला की त्याला कुणी फार खोदून विचारत नाही.

नोएडातली आमची कंपनी एसी दुरुस्तीची. तक्रारींच्या फोनवर साळवेकाका — मूळचे नगरचे, राहायला मयूर विहारला, दर नाताळात आमच्याकडे करंज्यांचा डबा पाठवणारे. गिऱ्हाइकाला म्हणत, "बहनजी, फोन ज़रा मशीन के पास ले जाइए." डोळे मिटून ऐकत आणि बसल्या जागी बिघाड सांगत. मेकॅनिक तोच पार्ट घेऊन निघे.

मग कंपनीला प्रोग्राम हवा झाला. नवी मुलं पडद्यावरचे प्रश्न वाचणार, टिक करणार, बिघाड आपोआप कळणार. पण प्रश्न होते काकांच्या डोक्यात. ट्रेनरला त्यांनी आठवडाभर नुसता चहा पाजला. तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. "आपकी भाषा के हैं, निकलवा लीजिए." आणि दार लावून पुढचंही सांगितलं — प्रोग्राम सुरू झाला की काकांना नारळ.

काढून घेतले मी. कसे? डबा खाताना, मराठीत. दिवसभर हिंदी बोललेला माणूस आपली भाषा कानावर पडली की सैल होतो — मीही होतो ना. "खरखर सतत येते की सुरू होतानाच, ते आधी विचारायचं," काका सांगत. "लिही, लिही. पोरांच्या उपयोगी पडेल."

इथपर्यंत नोकरी म्हणा हवं तर. पण —

एक दिवस ते म्हणाले, "पुण्याहून बोलावणं आलंय रे. मेव्हण्याच्या ओळखीचं वर्कशॉप आहे, सुपरवायझरची जागा. उद्या कळवायचंय. इथं काही गडबड नाही ना? तुझं साहेबांकडे उठणंबसणं असतं."

प्रश्न निम्मेच लिहून झाले होते. ते पुरे केले की मी टीम लीडर होणार होतो. किती वेळ लागला असेल मला? तोंडातला घास गिळण्याइतका.

"छे हो काका! आता तर तुमच्याशिवाय बिल्कुल चालणार नाही. आणि पुण्यात कसला धंदा? तिथं एसीसुद्धा दुपारी एक ते चार बिघडत नाही."

काका ठसका लागेपर्यंत हसले. त्यांनी पुण्याला नकार कळवला.

दोन महिन्यांनी त्यांच्या हातात पत्र पडलं. तोवर पुण्याची जागा भरली होती. वय चोपन्न. इतर कंपन्यांत गेले, तर तिथंही मुलं पडद्यावरचे प्रश्न वाचत बसलेली. आमच्याकडे आता मेकॅनिक एकेका घरी तीन-तीन फेऱ्या मारतो — फोनवर ऐकतंय कोण? काका पुन्हा कुठेच लागले नाहीत.

पत्र मिळालं त्या संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले होते. "तुला माहीत होतं का रे?"

"नाही हो, काका."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तुलाही वापरलंच त्यांनी."

मयूर विहारच्या आपल्या मंडळींत ते अजूनही हेच सांगतात. मी तिथंच बसलेला असतो — मान खाली घालून, बिचारा होऊन.

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.