न हलणारा बेस

गल्लीत तिला सगळे 'मिलिमीटर' म्हणत. चहात साखर घालतानासुद्धा जी बाई चमचा काठाशी सपाट करून घेते, तिला दुसरं काय म्हणणार! मोजणी हा तिचा धंदा. डोंगराच्या उतारावर तिने पाच खांब रोवले होते, प्रत्येकावर बशीएवढा अँटेना. डोंगर सरकतोय का, हे त्यांनी सांगायचं.

उपग्रहांवरून जागा कळते, पण दोन-तीन मीटर इकडेतिकडे. वाटेत हवा सिग्नलला रखडवते, घड्याळं किंचित चुकतात. म्हणून एक यंत्र अशा ठिकाणी बसवायचं, ज्याची जागा पक्की माहीत आहे. त्याला बेस म्हणतात. उपग्रह त्याला भलतीच जागा सांगतात. तो म्हणतो, 'मी तर इथं आहे, म्हणजे आत्ताची चूक एवढी,' आणि ती बाकीच्यांना कळवतो. ती वजा केली की मिलिमीटरपर्यंत हिशेब लागतो. अट एकच, बेसने जागचं हलायचं नाही.

बेस तिने स्वतःच्या गच्चीवर बसवला होता. वीज होती, चोरीची भीती नव्हती, आणि ऑफिसात कुणी हरकतही घेतली नाही.

हिवाळ्यापासून आकडे वाढू लागले. ऑफिसच्या पडद्यावर खांब किती सरकला एवढंच दिसे. मर्यादा ओलांडली की लाल. पाचही लाल झाले तेव्हा खांबांजवळची वरची वस्ती खाली, हिच्याच गल्लीत हलवली. वर तिची आई एकटी राहायची. म्हातारी हटून बसली, तर हिने तिला जवळजवळ उचलूनच आपल्या मागच्या खोलीत आणलं. "आई, आकडे खोटं बोलत नाहीत," असंही ऐकवलं.

आज दुपारी ती ऑफिसात अहवालासाठी नकाशावर बाण काढत होती, कोणता खांब कुठल्या दिशेला गेला त्याचे. पहिला बाण चढाकडे गेला. दुसराही. कुठेतरी अधिक-उणे उलटं झालं असेल म्हणून तिने सगळं पुन्हा तपासलं. चूक नव्हती. पाचही बाण वर, पाचही सारख्याच लांबीचे.

दरड कधी डोंगर चढते का?

गाडी पुढे निघाली की झाडं मागे पळतात, तसं हे होतं. पाच खांब एकमेकांपासून केसभरही हलले नव्हते. सरकत होता तो बेस, खाली, उताराकडे. बेस म्हणजे गच्ची, गच्ची म्हणजे घर आणि घरात आई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! पायाखालची वाळू सरकली असं आपण उठसूट म्हणतो. हिच्या घराखालची खरंच सरकत होती आणि ही खापर फोडत होती डोंगरावर.

ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. "साहेब, गल्ली रिकामी करा. आत्ताच्या आत्ता!"

"अहो, पण लाल तर वरचे खांब आहेत ना?"

"वरचं काही हलत नाहीये, साहेब. आपण हलतोय!"

एवढं बोलून ती पळत सुटली. गल्लीत पोहोचली ती ओरडतच, "बाहेर या, घरं सोडा!" वरून आणलेली माणसं तिच्याकडे बघतच राहिली. त्यांना इथे आणणारी हीच.

मागच्या खोलीचं दार उघडेना.

"कडी काढलीय गं," आतून आई म्हणाली. "दारच अडकलंय."

चौकट तिरकी झाली होती. वरून चुन्याचा पापुद्रा तिच्या खांद्यावर पडला. तिने धडका मारल्या. शेजारचा गवंडी पहार घेऊन धावला, फळी कडाडली, आणि आई अनवाणी बाहेर आली. तिला धरून ती रस्त्यावर आणेपर्यंत आत कुठल्याशा खिडकीची काच आपोआप तडकली. दोघींनीही तो आवाज ऐकला.

"आता गं कुठं?" आईने विचारलं.

"वर. तुझ्या घरी. तिथं खाली खडक आहे."

"नक्की ना?"

आयुष्यभर तिने या प्रश्नाला आकड्यात उत्तर दिलं होतं. आज आकड्यांवर तिचाच भरवसा उरला नव्हता. मागे सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"मी पुढं चालते," ती म्हणाली. "तू जरा अंतर ठेवून ये. मी हाक मारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस."