ओव्हनवरचं टिश्यूचं पाकीट

दुपारचे साडेबारा वाजले होते आणि हुई मिनचा ट्रे अजून ओव्हनच्या बाहेरच होता. तिचं बुकिंग सकाळी नऊचं होतं.

"नऊपासून काय करते आहेस?" मी विचारलं.

"वेटिंग, सर."

"कशाची?"

तिने हनुवटीने ओव्हनच्या कंट्रोल पॅनलकडे खूण केली. पॅनलच्या डोक्यावर टिश्यू पेपरचं छोटं पाकीट ठेवलेलं होतं. "समबडी चोप ऑलरेडी. हाऊ कॅन, सर?"

सिंगापूरबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, जेवायला गेलं की आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि मग रांगेत उभे राहतात. याला म्हणतात चोप करणं. ते टेबल मग तुमचं. करोडपती आला तरी त्या पाकिटाला हात लावत नाही. कायद्यात हे कुठेही नाही, पण कायद्याहून कडक पाळलं जातं.

मी इथल्या एका युनिव्हर्सिटीत कॉम्पोझिट, म्हणजे कार्बन फायबरसारख्या मिश्र साहित्याच्या, लॅबचा मॅनेजर आहे. पुण्यात वीस वर्षं गाड्यांचे पार्ट केले, मग बायकोच्या बँकेतल्या नोकरीमागे इथे आलो. फायनल इयरची मेकॅनिकलची मुलं आमच्याकडे प्रोजेक्ट करतात. लॅबमध्येही मशीनवर पाकिटं दिसायला लागली तेव्हा मीच ऑनलाइन बुकिंग सुरू केलं आणि दारावर बोर्ड लावला: 'येथे चोप करू नये.' या बोर्डाचा मला जरा जास्तच अभिमान होता.

आता हुई मिनच्या ट्रेबद्दल. तिच्या वडिलांचा हौगांगच्या मार्केटमध्ये कॉफीचा स्टॉल आहे. जुना जाड स्टीलचा ट्रे, त्यावर आठ कप, दिवसातून शंभर खेपा. त्यांचं मनगट कामातून गेलं होतं. मुलीने प्रोजेक्ट म्हणून कार्बन फायबरचा ट्रे डिझाइन केला, वजनाला पुठ्ठ्याइतका. कार्बन फायबर हे खरं तर कापड. रेझिन ही त्याची खळ. खळ वाळली की कापड ताठ होतं, तसंच हे. पण रेझिन नुसतं खोलीत वाळवलं तर वरून खडखडीत दिसतं आणि आतून कच्चं राहतं. त्यावर गरम कप ठेवला की सादळलेल्या पापडासारखं बसतं. म्हणून ट्रे ओव्हनमध्ये हळूहळू तापवायचा, ऐंशी अंशांवर काही तास ठेवायचा आणि हळूहळूच थंड करायचा. घाई केली की तो वाकतो. सगळे मिळून आठ तास. एवढा मोठा ओव्हन लॅबमध्ये एकच. लॅब सहाला बंद होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डेमो. परीक्षकांसमोर तिचे वडील खरी, गरमागरम कॉफी घेऊन येणार होते.

"अगं, बुकिंग तुझं आहे ना? मग पाकीट उचलायचं!"

"बुकिंग इज बुकिंग, सर. बट टिश्यू इज टिश्यू."

मी तिला काय बोलणार? दहा वाजता मीच तिथून गेलो होतो. पाकीट पाहिलं, पारा चढला, आणि तरी त्याला हात लावला नव्हता. चौदा वर्षांत माझाही हात सिंगापुरी झाला आहे. केबिनमध्ये जाऊन मी सगळ्या लॅबला खरमरीत ईमेल मात्र पाठवली होती: 'ज्या कोणी महाभागाने ओव्हन अडवला आहे, त्याने ताबडतोब येऊन भेटावे.' कोणी आलं नाही. माझा बोर्ड डावलणारा हा कोण, याचा मी दोन तास विचार करत होतो. दोघातिघांवर संशयही घेऊन झाला होता.

शेवटी मी पाकीट उचललं. माझ्या हातातल्या पाकिटाची मागची बाजू हुई मिनला दिसली.

"सर, मागे काहीतरी लिहिलंय. हिंदी, इज इट?"

हिंदी नव्हतं. निळ्या बॉलपेनने, माझ्या चांगल्या ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मेथी, जाडे पोहे, ओलं खोबरं. लिटल इंडियातूनच आणा. आणि बीपीची गोळी विसरू नका.'

सकाळचं सगळं आठवलं. साडेआठला मी ओव्हनच्या दाराचं सील तपासायला आलो होतो. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपासून चालून घामाघूम झालो होतो. पाकीट काढलं, तोंड पुसलं, तेवढ्यात फोन आला. पाकीट पॅनलवर ठेवून मी बोलत बोलत निघून गेलो. त्याआधी बिशानच्या घरून निघताना बायको नेहमीसारखी म्हणाली होती, "अहो, रुमाल घेतलात का?" मी म्हटलं होतं, टिश्यू आहेत की.

"व्हॉट डझ इट से?" हुई मिनने विचारलं.

"इट सेज," मी म्हणालो, "दॅट आय ॲम द महाभाग."

ती हसली नाही, तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला फार ओशाळं वाटलं.

ओव्हन एक वाजता सुरू केला तर नऊला संपणार. सहानंतर मशीन माणसाशिवाय चालू ठेवायची तर एक फॉर्म लागतो आणि त्यावर आमचे हेड डॉ. लिम यांची सही. मी फॉर्म घेऊन कॅन्टीनमध्ये धावलो. तिथे निम्म्या टेबलांवर टिश्यूची पाकिटं होती. त्या दिवशी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

डॉ. लिम चिकन राइस खात होते. फॉर्म वाचून म्हणाले, "नऊचं बुकिंग, एकला सुरू. स्टुडंट लेट आली?"

वेळेच्या नियोजनाला प्रोजेक्टमध्ये वेगळे मार्क असतात. 'शेड्यूलमध्ये जरा गोंधळ झाला' असं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो, पण शेरा तिच्या नावावर बसला असता. कारणाच्या रकान्यात मी आधीच लिहून आणलं होतं.

"मिस्टर गोरे, इथे लिहिलंय 'टिश्यू पॅकेट'."

"हो."

"सकाळी ज्याच्यावर ईमेल आली ते? कोणाचं होतं ते?"

"माझं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. हसण्याने त्यांचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. "मग ते महाभाग तुम्हाला येऊन भेटले का?" त्यांनी विचारलं आणि सही केली. खाली अट घातली: जास्त तापला की ओव्हन आपोआप बंद करणारा सेफ्टी कट-ऑफ मी स्वतः तपासायचा.

तो मी दोनदा तपासला. एक वाजून दहा मिनिटांनी ट्रे आत गेला.

सकाळी आठला आम्ही दोघांनी दार उघडलं. ट्रे सपाट मार्बलवर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबले. एकही कोपरा डुगडुगला नाही. हुई मिनने चारही पुन्हा एकदा दाबून पाहिले.

दहाला तिचे वडील आले, मनगटाला पट्टा, हातात मोठा थर्मास. आठ कप वाफाळती कॉफी ट्रेवर ठेवली. परीक्षकांनी पंधरा मिनिटं थांबायला लावलं, मग ट्रेला खालून स्टीलची सरळ पट्टी लावून पाहिली. कुठेही बाक नव्हता. अंकलनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ट्रे दुखऱ्या हातावर घेतला आणि खोलीभर एक चक्कर मारली.

"टू लाइट, लाह," ते म्हणाले.

हुई मिनचा चेहरा पडला.

"कॉफी आहे का नाही, तेच कळत नाही," अंकल म्हणाले आणि ट्रे तसाच धरून दुसरी चक्कर मारायला निघाले. मुलगी खदखदून हसली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

तिला पुढे उत्तम ग्रेड मिळाली. निकाल लागेपर्यंत ट्रे लॅबमध्ये ठेवायचा नियम आहे, पण अंकल तो काही परत देईनात. मग त्यासाठी आणखी एक फॉर्म भरावा लागला. डॉ. लिमनी त्यावर विचारलं, "यात टिश्यू नाही ना?"

'असे पुन्हा होऊ नये म्हणून काय केले?' असा, काम झाल्यावर भरायचा, एक रकाना पहिल्या फॉर्मच्या शेवटी होता. नवा बोर्ड लावू, ट्रेनिंग देऊ, असं बरंच सुचलं. पण माणूस बोर्ड वाचतो आणि हात आपल्या सवयीनेच चालतात, हे मी त्या दिवशी शिकलो होतो, तेही बोर्ड लावणाऱ्याच्या हातांवरून. म्हणून मी एकच ओळ लिहिली: 'लॅब मॅनेजर यापुढे रुमाल वापरतील.'

बायकोने त्या फॉर्मची कॉपी फ्रिजवर लावली आहे.