वीस तिकोनांचा कंदील

भुसावळच्या तोतारामाचा आकाशकंदील म्हणजे वीस तिकोनांचा. एका टोकाला पाचच कामट्या. सहावी बांधली की कंदील फुगतच नाही, थाळीसारखा सपाट पडतो. सांगाडा तोताराम बांधायचा, कागद त्याची बायको इंदिराबाई लावायची. कडबा कापताना तिच्या डाव्या अंगठ्यावर आडवी खूण पडली होती, ती कागदावर उमटायची. विसावा कागद ती एकाच कडेला चिकटवायची, दिवा ठेवायला. तोतारामानं घाईत तोही बंद केला की बाई कडाडायची, "बठ्ठा बंद करानं नही! मझार जीव कोंडास!" सगळा बंद केला की आत जीव कोंडतो, असं तिचं म्हणणं.

गेल्या चैत्रात ती वारली. पण चिकटवणं थांबलं नाही, बोला आता! तोताराम सांगाडा ठेवून झोपायचा, सकाळी कागद लागलेले आणि प्रत्येकावर ती खूण. दुसरा असता तर घर सोडून पळाला असता. हा बेटा खूश! चहा दोन कपांत ओतायला लागला.

दिवाळीआधी धुळ्याहून लेक रोहिणीचा फोन आला. "आबा, आता एकटं राहायचं नाही. इकडेच या." तोतारामानं दुसऱ्या कपाकडे पाहिलं. आपण गेलो नि ही इथं एकटीच राहिली तर?

निघायच्या सकाळी नव्या कंदिलाच्या उघड्या कागदाआड काहीतरी हललं. वारा नव्हता. तोतारामानं मागचा-पुढचा विचार केला नाही. खळ घेतली आणि विसावा कागद तिन्ही कडांनी गच्च चिकटवला. "चल गं, लेकीकडे," म्हणाला.

एसटीत कंदील मांडीवर होता. एरंडोलपासून आतून खरखर यायला लागली. म्हातारा हसला, कागदावर थोपटत राहिला. "जरा दम धर." पारोळ्याला खरखर थांबली. झोप लागली असेल, असं त्याला वाटलं.

धुळ्यात गॅलरीत बसून तो कागद सोडवायला लागला, पण कोणता? कुठूनही फिरवा, वीसही बाजू सारख्या. शेवटी एक फाडला. आत काहीच नव्हतं.

रोहिणीनं बल्ब आत सोडला. प्रत्येक कागदावर आतून अंगठा दाबलेला होता, आडव्या खुणेचा.

"आबा, हे डाग कसले?"

एका कागदावर मात्र एकावर एक इतके ठसे, की कागद विरला होता. तोताराम त्याच बाजूला थोपटत आला होता.