टाळाची रिकामी पट्टी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे वरच्या खोलीतल्या भाडेकरूच्या भिंतींना चादरी ठोकल्या ते. मी खिळे मारले, तिनं चादर ताणून धरली, आणि तो मधे उभा राहून टाळ्या वाजवत होता, खोली घुमते का बघायला. "मालक, अजून एक लागंल," असं करत सात चादरी झाल्या. शांततेचा एवढा हावरा माणूस आख्ख्या सोलापुरात दुसरा निघायचा नाही.

हा पूर्वी कुर्डुवाडीला रेल्वेत होता. गाडीच्या चाकावर हातोडी मारायची आणि आवाजावरून चाकाला चीर आहे का सांगायचं, हे काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. दिसेल त्यावर टिचकी मारणार. कलिंगड, खांब, जिन्याचा कठडा. माझ्या पाठीवर मारून म्हणाला, "बिडी सोडा." आमच्या नव्या माठावर मारून बायकोला म्हणाला, "वहिनी, चीर हाय ह्याला." तिसऱ्या दिवशी माठ गळला. तेव्हापासून तिचा त्याच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास.

रिटायर झाल्यावर त्यानं कॉम्प्युटर घेतला, आवाज आत घ्यायचा एक डबा घेतला, माईक घेतला, कानाला लावायचं घेतलं, आणि अभंग रेकॉर्ड करू म्हणून आमच्या भजनी मंडळाच्या मागं लागला. सगळ्यांनी मिळून म्हणायचं नाही, एकेकट्यानं वर यायचं. "कॉम्प्युटरात परत्येकाच्या आवाजाला आपापली पट्टी, मालक. पेटीची येगळी, तबल्याची येगळी, वहिनींची येगळी. चुकला त्याचीच पुसायची, बाकीच्यांना धक्का न्हाय." मी चाळीस वर्षं मागावर काढली. म्हटलं, हे ताण्यासारखंच की, धागा धागा वेगळा. पण सोमवारी वाजवलेला तबला आणि गुरुवारी म्हटलेला अभंग एकाच वेळी कसा वाजतो, ते काही डोक्यात शिरेना. मी रोज वर जाऊन बसायला लागलो. पहिले आठ दिवस तर माईकवर बोललेलं कानात उशिरानं यायचं.

"मधल्या येळात आवाज असतो कुटं?" मी विचारलं.

"बफरात."

"ते कुटं आलं? दुधनी टेशनाच्या पुढं?"

"डब्यातच हाय ओ. आकडा कमी केला की लवकर येतो." आकडा कमी केला, तर आवाज फुटायला लागला. मग परत वाढवला. असल्यातच त्याचे दिवस जायचे.

मे महिन्यात त्यानं आमचे पंखे बंद करायला लावले. कुकरची शिट्टी नको म्हणून बायको डाळ पातेल्यात शिजवायची. तिच्या गाण्याच्या दिवशी तर मला काठी देऊन गच्चीवर कावळे हाकायला बसवलं. तिथंच चुकलं. आमच्या मंडळात मी टाळ धरल्याशिवाय ती तोंड उघडत नसे, तीस वर्षांची रीत. हा म्हणाला, टाळ उद्या घेऊ, आज कानात चार टक वाजले की सुरू करा. "कसली ओ भाऊ ही टकटक, माग बिघडल्यावानी," असं तिनं म्हटलेलं मला गच्चीवर ऐकू आलं. मग दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

पाच महिने तो जिन्यात भेटला की एवढंच म्हणायचा, "मालक, तुमची पट्टी रिकामी हाय." एकदा मी तोडून टाकलं, "असू दे रिकामी. मेलेल्या माणसामागं टाळ कुटाया मी येडा न्हाय." त्यानं कठड्यावर टिचकी मारली आणि वर गेला. गेल्या आठवड्यात म्हणाला, महिनाअखेरीला लेकीकडं कुर्डुवाडीला चाललोय, कॉम्प्युटरही जाईल. "एकदा ऐका तरी." संध्याकाळी गेलो. खोटं कशाला सांगू, सगळं एकत्र कसं वाजतं ते बघायची खाजही होतीच.

त्यानं ते माझ्या कानाला लावलं. चार टक झाले. पेटी-तबला निघाले, ही गप्प. एक फेरा कोरडा गेला. मग अगदी कानाशी, वैतागून, "अवो, टाळ द्या की." लांबून ह्याचा आवाज, "वहिनी, ते कावळ्यांवर हायत. तुमी म्हणा." ती हसली. आणि मग अभंग उचलला.

मी कानातलं काढलं. "कुकर बंद, कावळा बंद, आनि हे न कापता कसं ऱ्हायलं ओ?"

त्यानं टेबलावर टिचकी मारली. "ठोकून बघितलं, मालक. चीर न्हाय. कशाला कापू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेतून टाळ काढले. तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिनंच बांधून ठेवलेले, गाठ सुटता सुटेना. वर गेलो. "कावळ्यांवर आज कोन?" मी विचारलं. "ओरडू देत," म्हणाला, आणि माझ्या पट्टीचं लाल बटण दाबलं. चार टक झाले. पेटी निघाली. ती म्हणाली, "अवो, टाळ द्या की."

दिला.